काठ मोकळा

देवाने वाचवलं, देवाने वाचवलं. गेलं दीड वर्ष हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. दाजींना भेटायला जो येतो तो खुर्चीत नीट टेकायच्या आधी हे बोलतो. ताई डोळे पुसते, दाजी हळूच मान हलवतात आणि मी चहाचे कप गोळा करून स्वयंपाकघरात जातो. पाहुणा जाईपर्यंत तिथेच कप विसळत उभा राहतो. ताईला वाटतं, आपला भाऊ किती कामसू. कसला कामसू! मला ते ऐकवत नाही, एवढंच. देवाने वाचवलं असेल, मी कुठे नाही म्हणतो? पण त्यांना पाण्यात घातलं कुणी, हे मला माहीत आहे. मी घातलं. तेही खुर्चीवरून न उठता, एका शब्दात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगाने किरकोळ, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, खिशात दोन पेनं. उंची पाच फूट दोन इंच. ही उंची मी उगाच सांगत नाही, पुढे लागणार आहे. नोकरी एकोणतीस वर्षं एकच, नदी मोजायची. धरणाच्या खाली नदी जिथे वळते तिथे काठाला लागून एक गोल दगडी खोली आहे, ऑफिसात तिला बुरूज म्हणतात. वरच्या रस्त्यावरून बासष्ट पायऱ्या उतरून तिथे जायचं. खाली लोखंडी दार आणि आत विहीर. एका जाड नळातून नदीचं पाणी त्या विहिरीत येतं, म्हणजे नदी चढली की विहीर चढते. विहिरीत तरंगणारा एक डबा, डब्याला तार, तारेला पेन आणि पेनाखाली सावकाश फिरणारा कागद. हे यंत्र बसवलंय वरच्या माळ्यावर, तिथे लोखंडी शिडीने चढायचं. शिवाय यंत्र बिघडलं तर म्हणून बाहेरच्या भिंतीवर फुटांची पट्टी रंगवलेली. माणसाने दोन्ही बघायचं आणि धरणावर फोन करून आकडा सांगायचा. संपली नोकरी. माझ्यासारख्याला चार दिवसांत वेड लागलं असतं. दाजी तिथे रमले.

घरीसुद्धा त्यांचं मोजणं सुटायचं नाही. न्हाणीघरातल्या टाकीशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. ताई धुणं घेऊन बसली की बाहेरून आवाज यायचा, आज अर्ध्या फुटात भागव. एकदा चिडून तिने ती भिंतच रंगवून घेतली. दुसऱ्या दिवशी रेघा परत आल्या, तेही आधीपेक्षा बारीक हाताने, इंचांसकट. ताई म्हणाली, माझं लग्न माणसाशी झालंय की फूटपट्टीशी, तेवढं सांगा. त्यांनी खरंच विचार करून सांगितलं की दोघांशी.

आता देवाचं सांगतो, कारण त्याशिवाय दाजी कळायचे नाहीत. ते हात जोडणारे, डोळे मिटणारे नव्हते. नोकरीच्या सहाव्या वर्षापर्यंत त्यांना देवाचं सोयरसुतक नव्हतं. बुरुजासमोर नदीपात्रात एक खडक होता, एखाद्या खोलीएवढा. एका पुरानंतर सकाळी दाजी ड्यूटीवर गेले तर खडक जागेवर नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, तो पलीकडच्या काठावर, खालच्या अंगाला, चांगला शंभर पावलांवर. लोळलेला नव्हता म्हणे. कुणीतरी उचलून ठेवावा तसा उभा. दाजी अर्धा दिवस त्याच्याकडे बघत बसले आणि एकोणतीस वर्षांतला एकच आकडा त्या दिवशी चुकला. त्यानंतर माणूस बदलला.

म्हणजे काय, तर बोलायला लागला. एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस नदीचा विषय निघाला की तासभर थांबायचा नाही. ही ताकद नदीची नव्हे, म्हणायचे. नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी असते, तिची कुठली आलीय ताकद? हा तो. आपण पट्टी लावून मोजतो ते त्याच्या करंगळीचं नख. आणि मग ठरलेलं वाक्य, की त्याच्या वाटेत माणसाने उभं राहू नये, बाजूला व्हावं आणि बघावं. ऑफिसात त्यांना नदीबुवा म्हणायचे. मीही म्हणायचो, पाठीमागे. एकदा तर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, दाजी, तो एवढा जबरदस्त आहे तर त्याला आमचे धरणाचे दरवाजे कशाला लागतात? सगळे हसले. दाजीही हसले आणि म्हणाले की दरवाजे त्याच्यासाठी नाहीत रे, आपली झोप उडू नये म्हणून आहेत.

मला नोकरी त्यांच्या शब्दावर लागली. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला बुरुजात शिकवलं. तेव्हा नदी चढलेली होती. माळ्यावर उभं करून म्हणाले, विहिरीकडे कान लाव. मी लावला. पाण्याच्या खळखळाटाखाली कुठेतरी खोल, जाड, थांबून थांबून येणारा आवाज. नदीच्या तळाचे मोठे धोंडे घरंगळत एकमेकांवर आपटतात, तो. बाहेर तो ऐकू येत नाही, पाण्याच्या गर्जनेत बुडून जातो. वरच्या रस्त्यावर तर नाहीच नाही. नळातून तो विहिरीत येतो आणि त्या गोल भिंतींत घुमतो, म्हणून फक्त बुरुजाच्या आत. दाजींचे डोळे भरून आले होते. मला तो पोटात गॅस धरल्यासारखा वाटला आणि मी तसं सांगितलंही. त्यावर त्यांनी मला दोन दिवस चहा पाजला नाही. पण तो आवाज मला कळला. एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

मग माझी बदली धरणावरच्या फोनच्या खोलीत झाली. टेबल, खुर्ची, तीन फोन, नोंदवही आणि समोर मोठी काच, काचेतून धरणाचे दरवाजे. दरवाजे जास्त उघडायचे असले की आधी खालच्या तीन ठिकाणांहून निरोप यायला लागतो. निरोप दोनच शब्दांचा, काठ मोकळा. म्हणजे काठावर माणूस नाही, जनावर नाही, पाणी सोडा. तिसरं ठिकाण दाजींचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळं तिच्यावर आहे. पूर्वी या निरोपासाठी वरच्या रस्त्यावर, खांबाला, पेटीत एक फोन होता. निरोप फक्त तिथूनच देता यायचा. म्हणजे निरोप देणाऱ्याला आधी बासष्ट पायऱ्या चढून स्वतः वर यायला लागायचं. काठ मोकळा असं जो म्हणतोय तो स्वतः काठावर नाही, हे त्या फोनमुळेच पक्कं व्हायचं. वेगळं विचारायची गरजच नव्हती. मग सगळ्यांकडे मोबाइल आले. पेटीतला फोन बंद पडला, कुणी दुरुस्त केला नाही, कशाला करतील? लोक खालूनच, चालता चालता, जिन्यावरून निरोप द्यायला लागले. शब्द तेच राहिले. त्यांच्यामागची खात्री निघून गेली होती आणि आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नाही. मला कसं सुचावं, मी रोज तो निरोप घ्यायचो ना!

तो दिवस. चौथ्या दिवशीही पाऊस थांबत नव्हता. माझी ड्यूटी आदल्या दिवशी संध्याकाळी संपायला हवी होती, पण धरणावर येणारा रस्ता तुटला आणि बदली माणूस पलीकडेच अडकला. मी त्या खोलीत सव्वीस तास होतो. आत मी, मोठे साहेब आणि दरवाज्यांचा मिस्त्री. खिडक्या बंद, भिंतींना ओल, तिघांच्या ओल्या कपड्यांचा वास. काचेतून पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. धरण काठोकाठ भरलं होतं. आमच्या धरणाची एक बाजू मातीची आहे आणि मातीवरून पाणी गेलं की धरण जातं, खालचं गाव जातं, ताईचं घर जातं. सगळे दरवाजे उघडणं भाग होतं. साहेब सकाळपासून माझ्यावर खेकसत होते, कारण खेकसायला दुसरं कुणी नव्हतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिल्या ठिकाणाचा निरोप आला. मग दुसऱ्याचा. साहेब माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. फोन वाजला. दाजी.

पट्टीवर सोळा फूट, म्हणाले. मग थोडं थांबून, काठ मोकळा.

एरवी एवढं बोलून ते फोन ठेवतात. त्या दिवशी ठेवला नाही. मी कानाला लावून बसलो. तिकडून काहीच बोलणं नाही. आणि मग तो आवाज आला. खोल, जाड, थांबून थांबून. धोंडे.

मी तो ओळखला. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण चौकशीत मी वेगळं लिहून दिलंय. मी तो ओळखला. दाजी बुरुजाच्या आत आहेत, हे मला त्या क्षणी माझ्या नावाइतकं माहीत होतं.

साहेबांनी विचारलं, तिसरं काय म्हणतंय? मी म्हणालो, मोकळं. आणि फोन बंद केला.

का? दीड वर्ष मी स्वतःला हे विचारतोय. आता चढतीलच वर, असं मनात म्हणालो, हे खरं आहे. पाणी वळणापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागतात, चढायला तीन, हेही खरं. पण त्याखाली आणखी एक आहे. मी विचारलं असतं, दाजी, तुम्ही कुठे आहात, तर उत्तर आलं असतं. उत्तर आलं असतं तर ते मला साहेबांना सांगायला लागलं असतं. साहेब माझ्या अंगावर आले असते, दरवाजे थांबले असते, आणि धरणाला काही झालं असतं तर ते माझ्या तोंडातून निघालेल्या वाक्यामुळे झालं असतं. मला ते वाक्य माझ्या तोंडात नको होतं. मी घाबरलो. दाजींसाठी नाही, स्वतःसाठी.

मिस्त्रीने बटणं दाबली. दरवाजे उचलताना धरण हादरतं, टेबलावरचा चहा थरथरतो. पाणी सुटलं.

पुढचं काम नियमाप्रमाणे माझंच. तिन्ही ठिकाणं मोकळी झाली की खालच्या पुलावरच्या रस्त्याच्या टोळीला परत जायला सांगायचं. पाच माणसं, फावडी, पहारी, एक ट्रक. पूल बुरुजापासून दहा मिनिटांवर. मी मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, जातो बाबा एकदाचे, सकाळपासून भिजतोय. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं, जाता जाता बुरुजात डोकावून जा. पाच शब्द. साहेब मागे उभे होते. मी म्हणालो, जा.

खाली काय झालं होतं ते मला संध्याकाळी कळलं. सकाळी साडेदहाला दाजी आकडा घ्यायला आत गेले आणि मागून दरड घसरली. पायऱ्यांवर चिखल, दगड आणि एक झाड येऊन दाराला टेकलं. दार बाहेर उघडणारं. खिडकीला गज. आतून ढकलून दाराची फट चार बोटंसुद्धा होईना. पाच माणसं आणि फावडी असती तर वीस मिनिटांचं काम. म्हणजे मी फोन ठेवला तेव्हा दाजी सुटायला वेळ होता, माणसं होती, अवजारं होती. एका प्रश्नाचीच काय ती कमी होती.

पावणेबाराला मी दाजींना फोन लावला. लागला नाही. बारा वाजता परत लावला तेव्हाही तेच. साडेबाराला ताईचा फोन आला. हे अजून आले नाहीत, फोन लागत नाही, तुझ्याशी बोलले का? मी म्हणालो, बोलले की, काठ मोकळा म्हणाले, म्हणजे वर आलेत. रस्ते तुटलेत, कुठेतरी आडोशाला थांबले असतील. ती म्हणाली, तू म्हणतोस ना, मग ठीक आहे.  माझ्या ताईने आयुष्यात माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नाही, आणि हे मला तेव्हाच आठवायचं होतं.

मग मी हिशोब केला. करायचा नव्हता, पण झाला. पट्टीवर सोळा. सगळे दरवाजे उघडले की त्या वळणाला नऊ फूट चढतं, हे मला दाजींनीच शिकवलेलं. सोळा आणि नऊ पंचवीस. माळ्याची फरशी एकविसावर. म्हणजे माळ्यावर चार फूट पाणी. दाजी पाच फूट दोन इंच. उरला एक फूट दोन इंच. मी तो आकडा नोंदवहीच्या कोपऱ्यात लिहिला आणि खोडला, परत लिहिला, परत खोडला. कागद फाटेपर्यंत. पाण्याला लाटा असतात, दाजींचं वय छप्पन्न आहे, पाणी थंड आहे, किती वेळ उभे राहतील. खोलीतून बाहेर पडावं आणि धावत सुटावं असं वाटत होतं, पण धावणार कुठे? रस्ता नव्हता. खोलीच्या चहूबाजूंना पाणी. आणि साहेबांना आता सांगायचं काय? दरवाजे खाली घ्या म्हणायचं? माती सुटली असती. साडेअकराला सांगता येण्यासारखं होतं ते साडेबारानंतर सांगून उपयोगाचं नव्हतं. मी गप्प बसलो. काच, पाणी, घड्याळ. काच, पाणी, घड्याळ.

आणि मी, दाजींच्या देवाची टिंगल करणारा, देवाचा धावा करायला लागलो. दर पाच मिनिटांनी नवीन सौदा. यांना वाचव, मी सगळं खरं सांगेन. यांना वाचव, मी नोकरी सोडेन. समोर काचेपलीकडे ते पाणी दरवाज्यांतून उडी घेत होतं, पांढरं, जाड, न संपणारं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते दिसलं, जे दाजी वीस-बावीस वर्षं सांगत होते. त्या ताकदीला तोंड नव्हतं, कान नव्हते. मी कुणाशी बोलत होतो कोण जाणे. तरी बोलत राहिलो.

चार वाजता पाऊस मंदावला. साडेचारला दरवाजे अर्धे खाली आले. सहाला पलीकडून ट्रक पोचला आणि मी साहेबांना न विचारता त्यात चढलो. पाऊस मंदावल्यावर टोळी पुलावर परत आली होती, तिथे मुकादम भेटला. मी फक्त म्हणालो, बुरूज. माझं तोंड बघून त्याने काही विचारलं नाही. पाचही जण फावडी घेऊन आले. मी हातांनी चिखल उपसत होतो, नखं निघाली तरी कळलं नाही.

दार निघालं. आत गाळ. दाजी माळ्यावर, यंत्राच्या लोखंडी कडीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. पाणी उतरून तास झाला असेल, तरी उभेच. अंग निळसर, ओठ फुटलेले, डोळे उघडे. मुकादमाने त्यांची बोटं एकेक करून कडीवरून सोडवली. दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, साडेपंचवीस.

माझ्या हिशोबापेक्षा अर्धा फूट जास्त. भिंतीच्या गिलाव्यावर पेनाच्या टोकाने त्यांनी दर अर्ध्या तासाचा आकडा कोरला होता. चुकलेला एकही नव्हता.

मग ताप, मग फुप्फुसांचं दुखणं, दवाखान्यात दीड महिना. ऑफिसने कौतुकाचं पत्र दिलं, कर्तव्यावर असताना दरड कोसळून वगैरे. चौकशीला एक साहेब आले. त्यांनी मला विचारलं, निरोप घेताना काही वेगळं जाणवलं का? मी लिहून दिलं, नाही. खाली सही केली. त्यांनी माझी नोंदवहीही उलटून बघितली नाही. दाजींना विचारलं, निरोप दिलात तेव्हा तुम्ही कुठे होतात? दाजी म्हणाले, आठवत नाही. नदीच्या आकड्यांची एकोणतीस वर्षं ज्याला तोंडपाठ, त्याला आठवत नाही. मला तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं.

दाजींची नोकरी सुटली. दाजी आता खिडकीशी बसतात. देवाविषयी एक अक्षर नाही, नदीविषयी नाही, न्हाणीघरातल्या पुसट झालेल्या रेघाही ताईनेच शेवटी हौसेने परत काढल्या तर यांचं लक्ष नाही. ताई मला म्हणते, तू रोज येतोस म्हणून हे तग धरून आहेत. मी रोज जातो, कारण न जाऊन चालत नाही, आणि गेलो की बोलवत नाही. चारदा ठरवलं, आज सांगायचं. चारही वेळा भाजी काय आणू असं विचारून आलो. फोनच्या त्या खोलीतून मी बाहेर आलोच नाही म्हणा ना. तीच काच, तेच पाणी.

परवा दुपारी दाजींचे एक जुने सहकारी आले होते. नेहमीचं झालं. वर म्हणाले, तुमची भक्ती बघून त्याने पाणी तिथे थांबवलं बघा. मी कपांना हात घातला होता. तेवढ्यात दाजी बोलले. दीड वर्षात पाहुण्यासमोर पहिल्यांदा.

"थांबवलं नाही," ते म्हणाले. "संपलं म्हणून थांबलं."

पाहुणे गडबडले, थोड्या वेळाने उठले. ताई त्यांना सोडायला आणि औषधं आणायला खाली गेली. मी कप परत टेबलावर ठेवले आणि दाजींसमोर बसलो.  आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"दाजी, मला त्या दिवशी फोनवर धोंडे ऐकू आले होते."

ते खिडकीतून बाहेरच बघत राहिले.  मग म्हणाले की माहीत आहे. फोन त्यांनी विहिरीवरच धरला होता. हात लांब करून, पाण्याच्या अगदी जवळ, मला नीट ऐकू जावं म्हणून. मी ठेवल्यानंतरही बराच वेळ तसाच धरून उभे राहिले आणि मग तो हातातून निसटून खाली गेला.

मी विचारलं, मग तोंडाने का नाही सांगितलंत? रागावूनच विचारलं, कारण मला रडू येत होतं. सांगायचं ना, की मी अडकलोय!

ते सावकाश बोलले, मधेमधे दम घेत. एवढी वर्षं लोकांना सांगत आलो, म्हणाले, त्याच्या वाटेत माणसाने उभं राहू नये. तुम्ही हसायचात तरी सांगत आलो. आणि तो आला तेव्हा नेमका मीच वाटेत. थांबा, इथे मी आहे, हे कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? माझंच बोलणं माझ्या घशात अडकलं. तिकडे अख्खं गाव, इकडे एक मी. जीभ उचललीच नाही. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा हाका मारल्या मी, खूप मारल्या, पण तेव्हा ऐकायला तोच होता. त्याची ताकद खरी आहे, मी बघितली, आता कुणी काही म्हणो. पण वाटेत कोण आहे हे तो विचारत नाही. त्याचं ते कामच नाही.

जिन्यात ताईच्या चपलांचा आवाज आला. दाजींनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, तू विचारशील," ते म्हणाले. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी."